सुनेच्या आईचं लव्हेंडर

माझ्या सुनेच्या आईने लावलेलं लव्हेंडर मी बुडवून मारलं. रागाने नव्हे, प्रेमाने. हे जास्त वाईट. रागाने मारलं असतं तर निदान आपण काय करतोय एवढं तरी मला कळलं असतं.

ही गोष्ट माझी नात जन्मली त्या वर्षीची. तेव्हा मी साठीलाही पोचले नव्हते आणि मला सगळं येत होतं. आज ती तेव्हाची बाई मला बोईसरच्या बाजारात समोरून आली तर मी रस्ता बदलीन. तिच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. तुम्ही तोंड उघडायच्या आत ती "माहीत आहे, माहीत आहे" म्हणायची.

तिला इतका कसला माज होता, ते आधी सांगते. माझं माहेर सांगोल्याकडचं. तिथे पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला. नवरा तारापूरच्या कारखान्यात लागला म्हणून मी लग्न होऊन इकडे आले आणि बेटेगावच्या बाजूला आमचं हे चार खोल्यांचं घर झालं. पुढे अंगण, मागे दुसऱ्यांची भातखाचरं. पहिली कित्येक वर्षं मी शेजारणींच्या तोंडी "घाटावरची" होते. त्यांना वाटायचं, हिला नारळ खोवता येत नाही, बोंबील साफ करता येत नाहीत, हिच्या हातचं काय लागणार? मग मी हट्टाला पेटले. बोंबील शिकले, अळू लावलं, पानवेल चढवली, दाराशी सोनचाफा वाढवला. इथली माती आणि इथला पाऊस असा की चिखलात काठी खोचली तरी पालवी फुटते. ते श्रेय मातीचं होतं. मी ते स्वतःकडे घेतलं. माझ्या हाताला गुण आहे, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. कुणी विचारलेलं नसायचं.

सून आली ती पाचगणीच्या बाजूची. लग्नाच्या आदल्या वर्षी तिची आई गेली होती. तिचं सामान टेम्पोतून आलं, पण एक मातीची कुंडी ती मांडीवर घेऊन बसली होती. कुंडीत राखाडी पानांचं एक झुडूप. "माझ्या आईने लावलेलं आहे," एवढंच म्हणाली आणि ते तिने आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवलं, जिथे वरून छज्जा होता आणि पावसाचा थेंब येत नव्हता. ती शाळेत शिकवायची. सकाळी निघताना एक पान बोटांत चोळायची, वास घ्यायची, बोटं ओढणीला पुसायची आणि जायची. वारा फिरला की आमच्याकडे कारखान्यांचा आंबूस वास येतो, त्या दिवशी दोन पानं चोळायची. थंडीत त्याला एखादा बारीक जांभळा तुरा यायचा. बाकी वर्षभर ते झुडूप जसंच्या तसं. वाढत नव्हतं, मरत नव्हतं. ती त्याला पाणी घालताना मला क्वचितच दिसायची, आणि हे मला मनातल्या मनात खुपायचं. आईची आठवण म्हणायची आणि उपाशी ठेवायची!

पहिलं बाळंतपण माहेरी. आई नव्हती, पण वाईच्या मावशीने हट्ट धरला, म्हणून सातव्या महिन्यात ती मावशीकडे निघाली. निघताना मला खिडकीशी नेऊन म्हणाली, "आई, या झाडाला विसरायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे लक्षच द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा मातीत बोट खुपसून बघा. अगदी कोरडं लागलं तरच घोटभर पाणी. पावसाळ्यात तेवढंही नको. आणि इथून हलवू नका."

"बरं बाई," मी म्हणाले. आणि गाडी वळणावरून दिसेनाशी व्हायच्या आत माझ्या डोक्यात जाळ झाला. विसरायचं म्हणे! माझ्या घरात! जिने अंगणात चाफा उभा केला तिला ही काल आलेली पोर झाड कसं सांभाळायचं नाही ते शिकवते!

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून तुळशीला पाणी घातलं आणि उरलेला अर्धा तांब्या त्या कुंडीत. तिसऱ्या दिवशी अर्धा कशाला, पूर्ण. पानांचा रंग बघा, मी नवऱ्याला म्हणाले, राखेसारखा झालाय, तहानेने. तो रंग त्याचा जन्मापासूनचा होता, हे मी दोन वर्षं डोळ्यांनी बघत होते. पण शहाण्या माणसाला डोळ्यांची गरज नसते.

झाड मान टाकायला लागलं. मी पाणी वाढवलं. ते आणखी वाकलं. मी एका तांब्याच्या जागी दोन घातले.

आमची शेजारीण माकुणसारची. तिच्या माहेरी मोगऱ्याची वाडी, त्यामुळे झाडांच्या बाबतीत आमच्या दोघींचं जमायचं आणि दोघींनाही शेवटचा शब्द आपलाच लागायचा. ती कुंपणावरून डोकावली. "अवो, एवढ्याशा कुंडीत कोंडून ठेवलंय, ते काय जगतंय? जमिनीत घाला. आमच्याकडं सगलं पावसातच लागतं. आता आवणी चालू हाय, हीच येल हाय लावायची."

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची. मागच्या खाचरांत बायका गुडघाभर पाण्यात वाकल्या होत्या. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, अंगात आलं. मी साडी खोचली आणि कुंडी उलटी केली. मुळांची माती झटकली, झटकून निघाली नाही म्हणून बादलीत बुचकळून धुतली. भाताच्या रोपांसारखे शेंडे खुडले. अंगणात सगळ्यात सखल जागा शोधली, कारण तिथे ओल टिकते. शेणकाला केला. आणि ते झुडूप, पाचगणीच्या उतारावरचं, वाऱ्यात वाढलेलं झुडूप, मी बुंध्यासकट त्या काल्यात कमरेपर्यंत पुरलं आणि दोन्ही हातांनी चिखल दाबून घट्ट केला. शेजारीण म्हणाली, "बघा, कसं थंड झालं असंल त्याला!"

नवरा ओट्यावरून बघत होता. संध्याकाळी मी तांब्या घेऊन निघाले तेव्हा म्हणाला, "वरून पाऊस पडतोय. तांब्या कशाला?"

"पावसाचं पाणी सगळ्यांना असतं," मी म्हणाले. "हे खास त्याच्यासाठी."

काय बोलत होती ही बाई! लिहितानासुद्धा मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

आठवडाही गेला नसेल. पानं काळी पडली आणि बुंधा बोटाने दाबला तर मऊ लागला, नासलेल्या काकडीसारखा. चोळून वास घेतला तर लव्हेंडरचा नाही, न वाळलेल्या फडक्याचा. मी चिखलात बसले. तेव्हा कुठे मला दिसलं की मी काय करून बसलेय. त्या पोरीकडे आईचे दागिने होते, साड्या होत्या, फोटो होते. पण आईच्या हातचं जिवंत असं एकच होतं, आणि आई व्हायला जाताना ते ती माझ्या भरवशावर ठेवून गेली होती. ती परत येईल तेव्हा पहिल्यांदा कुठे जाईल हे मला बाराखडीसारखं पाठ होतं.

आणि अशा वेळी माणूस काय करतं? दुसऱ्यावर चिडतं. मी कुंपणाशी गेले. "तुम्ही म्हणालात जमिनीत घाला!"

"मी काय केलं? मला वाटलं सबज्यासारखं कायतरी हाय. ते तुमचं विलायती, मला काय म्हाईत?"

"माहीत नाही तर बोलायचं कशाला?"

"तुमी इचारलं नाय, तरी मी सांगितलं. मी सांगितलं आनि तुमी केलं. आता माझ्या नावानं वरडू नका." तिने खिडकी लावून घेतली. मला राग आला तो तिचं बरोबर होतं म्हणून.

तेवढ्यात फोनचा त्रास सुरू झाला. सून वाईहून व्हिडिओ कॉल करायची. तब्येत, खाणं, डॉक्टर, आणि शेवटी, "आई, झाड दाखवा ना." पहिल्यांदा मी म्हणाले, रेंज नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, खोली धुतलीय, पाय घसरेल. तिसऱ्यांदा मी फोन इतका हलवला की तिला गरगरलं. पोटुशी बाई, उगाच त्रास. नवरा पलीकडे बसून मोठ्याने पान उलटत होता, वर्तमानपत्राचं. त्याच्या त्या पान उलटण्याचा मला जो संताप आला तो आजही पूर्ण उतरलेला नाही.

मग मी पालघरला एका रोपवाटिकेत गेले. हो, बदली झाड आणायला. लपवून काय करू? तिथल्या माणसाने आधी निळ्या तुऱ्यांचं एक रोप पुढे केलं. "लव्हेंडर?" मी विचारलं. "असली," तो म्हणाला. मी पान चोळलं. गवताचा वास. "ह्याला वास कुठेय?"

"आजी, वास थंडीत येतो."

"आणि अक्कल कधी येते?" मी म्हणाले. तो हसला नाही, पण आत जाऊन दुसरी कुंडी घेऊन आला. हे खरं होतं. तीच राखाडी पानं, तोच वास. अगदी तोच. मी ती कुंडी उचलून कडेवर घेतली. नुसती मातीची कुंडी बदलायची, तीच खिडकी, तोच छज्जा, आणि बोलायचं काही नाही. ते जमलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर आलं, की ही पोर रोज सकाळी त्याचं पान चोळणार, आईची म्हणून बोटं हुंगणार, आणि मी स्वयंपाकघरातून बघत राहणार. वर्षानुवर्षं. मी खोटं बोलते, नाही असं नाही. पण माझं खोटं लहान असतं आणि लगेच संपतं. एवढं लांबलचक माझ्याने निभलं नसतं. मी कुंडी खाली ठेवली आणि माणसाला विचारलं, बुंधा कुजलेल्या झाडाचं काही होतं का? तो म्हणाला, "वरचे शेंडे राखाडी असतील तर काड्या लावून बघा. काळे असतील तर सोडा." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन मी ते झाड उपटलं. उपटायला जोर लागलाच नाही. अगदी वरच्या फांद्यांवर, जिथे चिखलाचा शिंतोडाही पोचला नव्हता, तिथे थोडे शेंडे अजून राखाडी होते. मूठभर. ते मी कापून घेतले, खालची पानं काढली आणि पुढे काय करायचं म्हणून फोनवर व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस स्वेटर घालून सांगत होता, काड्या लावल्या की कुंडीवर प्लास्टिकची पिशवी घाला, म्हणजे ओलावा टिकेल. मी घातली. त्याच्याकडे ओलावा टिकवावा लागत असेल, आमच्याकडे श्रावणात भिंतीवरून हात फिरवला तर हात ओला होतो. पिशवीत काड्यांवर पांढरी लव आली. अर्ध्या काड्या त्या स्वेटरवाल्याने खाल्ल्या. म्हणजे मीच खाल्ल्या, पण नाव त्याचं घ्यायला बरं वाटतं.

उरलेल्या काड्या टेबलावर ओळीने ठेवल्या आणि मी पहिल्यांदा गप्प बसले. कुणाला विचारलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतःला काही सांगितलं नाही. मग मला सांगोल्याचं रान आठवलं. वडिलांच्या बांधावर मुरमाड जमीन, पाणी पडलं की खाली उतरून जायचं, वर पुन्हा कोरडं ठणठणीत. त्यावरची बोरं, तरवड, रानतुळस सगळी तशीच चिवट, आणि रानतुळस तर चोळली की घमघमणारी. हे झाड त्यांच्या जातकुळीतलं होतं. इतकी साधी गोष्ट. मी जन्मले त्या मातीतली. इथली होण्याच्या नादात मी ती धुऊन टाकली होती आणि वर झाडाचीही मुळं धुतली.

झालं, मग मी नवऱ्याला कामाला लावलं. जाडी वाळू आणवली, विटांचा चुरा केला, आणि त्याला पिशवी देऊन केळव्याच्या किनाऱ्यावर पाठवला, शिंपल्यांचे तुकडे आणायला, कारण आमच्या रानात चुनखडी असायची आणि इथे ती कुठून आणू?

तो छत्री घेऊन दारात उभा राहिला. "लोक केळव्याला नारळपाणी प्यायला जातात. मला तू पिशवी घेऊन कचरा वेचायला पाठवतेस."

"नातवंडाच्या आजीसाठी जा."

"तू आहेस की आजी."

"दुसऱ्या आजीसाठी," मी म्हणाले. त्यावर त्याने छत्री उघडली. गेला. मुंबईची पोरंपोरी पावसात फोटो काढत होती आणि हा साठीचा माणूस वाकून शिंपले गोळा करत होता. कुणी तरी त्याचाच फोटो काढला म्हणे. शिंपले मी मीठ जाईपर्यंत धुतले, कुटले, वाळूत मिसळले. काड्या त्यात खोचल्या, वरवर, घट्ट न दाबता. कुंड्या खिडकीच्या आत, उजेडात, टेबलपंख्यासमोर. पंखा झाडांकडे वळवला आणि नवऱ्याला वारा घ्यायला वर्तमानपत्र दिलं.

लोक म्हणतात झाड वाढवायला कष्ट पडतात. खोटं. झाडाला हात न लावायला कष्ट पडतात. सकाळी तुळशीला पाणी घालून तांब्या रिकामा व्हायचा नाही, आणि तो उरलेला घोट हातात घेऊन मी कशी उभी राहायची ते माझं मला माहीत. शेवटी मी छोटा तांब्या काढला, तुळशीपुरताच. दुसरं, मूळ फुटलं का बघायला मी काड्या उपटायची. एक दिवस नवरा ओरडला, "लहान मुलासारखी हलणारा दात काय हलवतेस? राहू दे की त्यांना!" तोपर्यंत दोन काड्या त्या हलवण्याने गेल्या होत्या. मग मी त्यांच्याकडे पाठ करून बसायला लागले.

नात झाली. बारशाला आम्ही वाईला गेलो, तिथेही सुनेने विचारलं, झाड कसं आहे? मी म्हणाले, "बाळाकडे बघ, झाडाचं काय घेऊन बसलीस!" इतक्या मोठ्याने, की मावशीने माझ्याकडे बघितलं.

दिवाळीनंतर ती परत यायची ठरली. तोवर तीन काड्या टिकल्या होत्या. हलक्या हाताने ओढलं की मातीतून विरोध व्हायचा, म्हणजे त्यांनी खाली पकडलं होतं. पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर मी त्या वेगवेगळ्या लहान कुंड्यांत हलवल्या. या खेपेला मातीच्या गोळ्यासकट, बुंधा मातीच्या वर ठेवून. तिन्ही कुंड्या तिच्या खिडकीत, छज्ज्याखाली ठेवल्या. एकेका शेंड्यावर नवी पानं होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

ती आली. मी बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिने उंबरा ओलांडला, बाळ माझ्या हातात दिलं आणि थेट खिडकीशी गेली. मी मागोमाग. सगळी कबुली मी पाठ केली होती. पण तिची पाठ बघितली आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"तुझंही चुकलंच," मी म्हणाले. "विसरा म्हणून कुणी सांगतं का? स्पष्ट सांगायचं, की पाण्याने मरतं!"

"मी स्पष्टच सांगितलं होतं, आई." ती वळली नाही. "मोठं झाड कुठंय?"

"मेलं. मी मारलं. जमिनीत लावलं, चिखलात. ह्या त्याच्याच काड्या आहेत. बाजारच्या नाहीत. देवाशपथ नाहीत."

तिने एका कुंडीतलं पान धरलं, पण चोळलं नाही. चोळण्याएवढं ते मोठंच नव्हतं. बाळ रडायला लागलं म्हणून ते माझ्याकडून घेतलं आणि खोलीचं दार लोटलं. दुपारी जेवायला आली, ताटाकडे बघत जेवली. मला राग आला. एवढं केलं, नवऱ्याला पावसात शिंपले वेचायला लावले, तांब्या बदलला, त्याचं काहीच नाही? मग वाटलं, कसलं एवढं केलं? तिची वस्तू मोडून तुकडे चिकटवून दिले, आणि वर शाबासकी हवी! मी भांडी घासत बसले. स्वच्छ भांडीसुद्धा परत घासली.

दिवेलागणीला ती स्वयंपाकघराच्या दारात आली. बाळ खांद्यावर झोपलं होतं. हळू आवाजात, बाळ उठू नये म्हणून, म्हणाली:

"माहेरी अंगणात आईचं मोठं लव्हेंडर होतं. दादाने गाडी लावायला जागा हवी म्हणून ते भर पावसात उपटून घरामागे लावलं, ते गेलं. मला वाईला असताना कळलं, मी कुणाला बोलले नाही. म्हणजे आता आईचं एवढंच राहिलंय, या तीन कुंड्या. थंडीत यातली एक दादाला नेऊन द्यायची. पण मी नाही देणार, तुम्ही जा. आणि पाण्याचं तुम्हीच सांगा त्याला, चांगलं ओरडून सांगा. माझं कुणी ऐकत नाही."